पांढरा दिसणारा घोडा जन्मतो काळा

पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागले की कोन हे गाव येते. इथून ईशान्येला माथेरानचा डोंगर आहे. तिथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्यामुळे पर्यटकांची ने-आण आजही घोडे करतात. खाली पनवेल पट्ट्यात लग्नसराई आली की नवरदेवाला बसायला पांढराच घोडा हवा असतो. वरातीतला हा पांढरा घोडा पुष्कळदा जन्मतः पांढरा नसतोच. आईच्या पोटातून बाहेर पडताना तो काळा, तांबडा नाहीतर कुमैत असतो आणि पुढे वर्षांमागून वर्षे पांढरा होत जातो. घोड्यांच्या व्यवहारात अशा जनावराला सब्जा म्हणतात. त्याचा रंग सतत सरकत असतो, तरीही खरेदी-विक्री, कागदपत्रे आणि औषधपाणी या तिन्ही ठिकाणी आपण तो कायमचा धरून चालतो. ही सवय घोड्याला आणि मालकालाही नडते.

हा बदल ठरावीक क्रमाने होतो. शिंगराच्या डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखे करडे केस दिसू लागतात आणि थोबाडावर पांढुरकी झाक येते. जन्माची लव झडून नवे केस आले की अंगभर काळ्यात पांढरे मिसळलेले दिसतात आणि लोखंडासारखा गडद करडा रंग येतो. त्यानंतर अंगावर फिकट गोल चकत्या उमटतात. घोडा सर्वांत देखणा दिसतो तो याच काळात, आणि बाजारात त्यावर नजरा खिळतात त्याही याच काळात. पण चकत्यांचे हे रूप काही वर्षांचेच पाहुणे. साधारण सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान बहुतेक सब्जे घोडे पांढरे होतात. काहींच्या अंगावर मात्र तांबूस बारीक ठिपके उरतात आणि वयाबरोबर ते वाढतातही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले जगप्रसिद्ध लिपिझानर घोडे याच वाटेने पांढरे होतात. त्यांच्यात क्वचित एखादा गडदच राहतो आणि तो शुभ मानून तिथे मुद्दाम ठेवला जातो.

यामागचे कारण 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील लेफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. एसटीएक्स17 नावाच्या जनुकात सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा जास्तीचा नकललेला असतो. त्यामुळे रंग तयार करणाऱ्या पेशी भलत्याच जोमाने वाढतात. केसांच्या मुळाशी असलेला त्यांचा साठा लवकर संपतो, असे यावरचे स्पष्टीकरण आहे. माणसाचे केस पिकतात तेव्हाही मुळाशी रंगपेशी संपलेल्या असतात, पण तिथे वय हे कारण असते. इथे कारण वारशाने आलेले असते आणि वय फक्त ते उघड करत जाते. जगभरच्या सब्ज्या घोड्यांत हा बदल एकाच जुन्या पूर्वजाकडून आला आहे. म्हणून गुडघ्याएवढे शिंगरू देणाऱ्या मिनिएचर घोड्यात आणि थोराड जातीच्या घोड्यात पांढरे होण्याची रीत एकच. हा गुण प्रभावी आहे, त्यामुळे आई किंवा बाप यांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय सब्जे शिंगरू जन्मत नाही. वंशावळीची शंका आली तर ही साधी कसोटी हाताशी आहे.

जुने घोडेवाले यावर आक्षेप घेतील की खुराक, जंत, उन्हाचा मारा यांमुळेही रंग उतरतो. ते खरे आहे. उन्हाने काळा घोडा तांबूस दिसतो आणि कुपोषणाने केसांची चकाकी जाते. पण तो बदल उलटणारा असतो. खुराक सुधारला, केस बदलले की तेज परत येते. सब्ज्या घोड्यात मात्र प्रत्येक नव्या केसावर रंग घटतच जातो, कितीही खरारा केला आणि कितीही तेल-गूळ चारला तरी. दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. जनुक एकच, तर एक घोडा पाच वर्षांत पांढराशुभ्र आणि दुसरा पंधरा वर्षांचा होऊनही करडाच, हे कसे? याचे उत्तर 2024 मध्ये मिळाले. त्या तुकड्याच्या प्रती दोन असल्या तर रंग हळू आणि अर्धवट जातो, तीन असल्या तर झपाट्याने. आई-बाप दोघांकडून हा गुण आला तर आणखी लवकर. म्हणून फक्त रंगावरून वय सांगणे धोक्याचे आहे. वयासाठी दातांकडे पाहण्याची जुनी पद्धतच अधिक भरवशाची.

ओळखीचा प्रश्न तर रोजच्या व्यवहारातला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात. दोन वर्षांचे गडद करडे शिंगरू विकत घेऊन कागदावर ‘करडा’ लिहिले, तर पाच वर्षांनी कागद आणि घोडा जुळणार नाहीत. इथे नुकरा घोडा वेगळा धरायला हवा. तो जन्मतःच पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. सब्ज्याची कातडी शेवटपर्यंत काळसर राहते. शंका असेल तर केस पाण्याने भिजवून पाहावेत. ओले झाल्यावर सब्ज्याचे अंग निळसर-करडे दिसू लागते आणि कपाळावरचा जन्माचा टिळा, जो पांढऱ्यात हरवून गेला होता, गुलाबी कातडीच्या रूपाने पुन्हा ओळखू येतो. आपल्याकडे घोडा घेताना केसांचे भोवरे बघतात. शुभ-अशुभाचा भाग बाजूला ठेवला तरी भोवऱ्यांची जागा आयुष्यभर बदलत नाही. म्हणून नोंद करताना भोवरे, कातडीचा रंग आणि जमल्यास मायक्रोचिप, या तिन्हींवर भर हवा. राज्याच्या भीमथडी घोड्याला 2024 मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली आहे. अशा जातीच्या पैदास नोंदी नव्याने उभ्या राहताना रंगाचा रकाना नीट भरला जाणे विशेष महत्त्वाचे आहे.

आता सर्वांत गंभीर बाब. रंगपेशींचा तोच अतिरेक कातडीत गाठी निर्माण करतो. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्या घोड्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक घोड्यांना मेलानोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या, गाठी होतात. तीन प्रतींवाल्यांत धोका जास्त, दोन प्रतींवाल्यांत बराच कमी. ज्यांचा मूळ रंग काळा ठरलेला असतो त्यांच्यातही अधिक. काहीजण म्हणतात की या गाठी सावकाश वाढतात, घोडा त्यांच्यासह वर्षानुवर्षे काम करतो, मग चिंता कशाला? बऱ्याच गाठी खरोखरच वर्षे शांत राहतात. पण त्या शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांजवळ आणि कानामागच्या ग्रंथींत वाढतात. वाढल्या की लीद पडायला अडथळा होतो, लगाम रुततो, आणि काही शरीरात आतवर पसरतात. गाठ वाटाण्याएवढी असताना डॉक्टरांना काढणे सोपे जाते. मोठी होऊन फुटल्यावर जखम भरत नाही. शिवाय शेपूट उचलून पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत. धुण्याच्या वेळीच बोटे फिरवली की झाले.

माथेरानचा असो की पनवेलच्या वरातीचा, पांढरा घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा त्याची शेपूट उचलून पाहावी, आणि काळसर, टणक गाठ हाताला लागली तर ती वाढायची वाट न बघता पशुवैद्यकाला दाखवावी.