नागीण उठली, तर लेप लावत बसू नका

मुंबईहून ‘बोन मॅरो’ करून आलेला लिम्फोमाचा रुग्ण घरी परतला की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. केस पुन्हा उगवू लागलेले असतात, रक्ताचा रिपोर्टही चांगला असतो. मग काही महिन्यांनी एका बाजूच्या बरगडीत आग होते आणि दोन-तीन दिवसांत पाण्याचे फोड उठतात. घरचे ओळखतात, नागीण. कुणी लेप सुचवतं, कुणी मंत्र घालणाऱ्याकडे नेतं. ओपीडीत येईपर्यंत आठवडा गेलेला असतो.

असं का होतं? आपल्या देशात बोन मॅरो प्रत्यारोपणाची सुरुवात 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाली. लिम्फोमा उलटला तर बहुतेकदा रुग्णाच्याच मूळपेशी काढून गोठवतात, केमोथेरपीचा जबर डोस देतात आणि त्या पेशी परत सोडतात. साधारण दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी वाढतात. पण विषाणूंना ओळखणाऱ्या लिम्फोसाइट्सना पूर्वीची ताकद यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. रिपोर्टमध्ये संख्या दिसते, ही ताकद दिसत नाही.

लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडलेला असतो. पहारा ढिला पडला की तो जागा होतो. तोंड-शेपूट जुळण्याची भीती निराधार आहे. खरा धोका वेगळाच. अशा रुग्णात फोड अंगभर पसरू शकतात, विषाणू फुफ्फुसांत किंवा मेंदूत शिरू शकतो. डोळ्याजवळ उठले तर दृष्टी जाऊ शकते.

म्हणूनच अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या सहसा वर्षभर देतात. बरं वाटतंय म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. फोड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपचार पहिल्या 72 तासांत सुरू झालेले बरे.

आणखी एक. रिटुक्सिमॅब दिल्यावर दबलेली हेपॅटायटिस बीची कावीळ उलटू शकते. त्यामुळे औषध सुरू होण्याआधीच तपासणी हवी.

जुन्या लसींचं संरक्षणही ओसरतं. फ्लूसारख्या निष्क्रिय लसी साधारण सहा महिन्यांनंतर पुन्हा घ्याव्या लागतात. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी मात्र दोन वर्षांच्या आत नकोत. घरच्यांनी फ्लूची लस घ्यावी. सर्दी-तापाच्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवावं. त्यात अपमान नाही.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर रात्र काढू नका. डिस्चार्ज कार्ड घेऊन या आणि प्रत्यारोपण झालंय, हे डॉक्टरांना आधी सांगा.