ऐनावरचा टसर

भोरहून वरंध घाटाकडे नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने जावं, किंवा वेल्ह्यातून मढे घाटाची वाट धरावी. दोन्हीकडे ऐन भेटतोच. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींत भेगाळलेली साल पाहिली की दुसऱ्या खुणेची गरज उरत नाही. फाल्गुन-चैत्रात त्याची पानं झडली की उघड्या डहाळ्यांवर कधीकधी एक टणक, करडा किंवा पिवळट कोश लोंबताना दिसतो. लांबी चार-पाच सेंटिमीटर. वरच्या टोकाला रेशमाचाच काळपट देठ आणि देठाच्या शेवटी डहाळीभोवती घट्ट बसलेलं कडं. हा टसर पतंगाचा कोश. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा.

याची लेखी नोंद जुनी आहे. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारे विल्यम हेन्री साइक्स हे पक्ष्यांचे आणि प्राण्यांचेही जाणकार होते. १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात त्यांचा दख्खनच्या ‘कोलीसुरा’ रेशीमकिड्यावरचा लेख छापून आला. बंगालमध्ये ज्याच्यापासून टसर काढतात तोच हा किडा, हे त्यांनी ओळखलं. इथले लोक मात्र कोशाचा धागा काढत नव्हते. ते कोश गोल गोल कापून त्याची लांब वादी काढत आणि तिने तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला आवळून बांधत. कोश किती चिवट आहे हे या मुलखाला पक्कं माहीत होतं, त्यातलं रेशीम तेवढं हाती लागलं नव्हतं.

पुढे १८७० च्या दशकात मेजर कुसमेकर या अधिकाऱ्याने पुण्याच्या परिसरात टसर पाळण्याचे प्रयोग केले. भारतातल्या रानरेशमांचा ध्यास घेतलेले इंग्लंडमधले रंगारी टॉमस वॉर्डल यांनी त्यांच्या कामाची दखल घेतली. तरीही धंदा उभा राहिला नाही. मला त्याचं एक कारण शेतीच्या वेळापत्रकात दिसतं. पहिला पाऊस पडला की पतंग कोशातून निघतात आणि आषाढ-श्रावणात अळ्या झाडावर असतात. नेमकी तेव्हाच मावळात भाताची लावणी असते. घरातलं प्रत्येक माणूस चिखलात उभं असताना झाडाखाली राखण कोण करणार?

आणि राखण लागतेच. तुतीचा किडा घरात, रॅकवर वाढतो. टसरचा किडा उघड्यावर, झाडावरच वाढतो. मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर पडल्या की अंड्यांचे पानांचे द्रोण ऐनाच्या फांद्यांना बांधतात. चार वेळा कात टाकून अळी पूर्ण वाढते. पावसाळी पिकाला महिनाभर पुरतो, थंडीत जास्त दिवस जातात. एवढ्या काळात मुंग्या, गांधीलमाश्या, ढेकूण जातीचे रसशोषक किडे आणि कावळे टपलेले असतात. उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खातात. एका झाडाची पानं संपत आली की अळ्या फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात.

सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पेब्रिन हा रोग आईच्या पोटातूनच अंड्यांत उतरतो. फ्रान्सचा रेशीमधंदा याच रोगाने बसला, तेव्हा लुई पाश्चर यांनी उपाय दिला: अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोग दिसला तर तिची अंडी जाळून टाकायची. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ आजही याच पद्धतीने तयार होतात.

महाराष्ट्रात ही विद्या नांदते ती विदर्भात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ऐन-अर्जुनावर टसर पिकवत आली आहेत. बियाण्याच्या कोशांच्या माळा टांगायच्या, पतंग निघून जुळले की मादीची अंडी घ्यायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं काम. कोश सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केला की सातशे-आठशे मीटर धागा निघू शकतो, आणि त्याच टसरवर करवतकाठी साडी विणली जाते.

भोर-वेल्ह्यात कोणाला हे करायचं असेल तर पहिलं काम ओळख पटवण्याचं, कारण इथे मोठे पतंग आणखीही आहेत. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा असेल तर तो चांद्रपतंग. त्याचा कोश कागदासारखा पातळ. पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतील तर तो अ‍ॅटलास. आंबा-काजूवर जाळीदार सोनेरी कोशांचे झुबके दिसले तर ते क्रिक्युलाचे. टसरच्या चारही पंखांवर एकेक गोल पारदर्शक डोळा असतो. मादी बहुधा पिवळी किंवा करडी, नर तांबूस आणि रुंद, पिसासारख्या मिशांचा. अळी हिरवीगार, कडेला चांदीसारखे चकाकणारे ठिपके.

दुसरं काम बियाण्याचं. टसरच्या प्रदेशाप्रदेशाच्या जाती आहेत, त्यांत ‘भंडारा’ नावाचीही एक आहे. तिकडचे कोश आणून घाटमाथ्याच्या पावसात सोडायचे, हा सोपा वाटणारा मार्ग मला चुकीचा वाटतो. रोग येईल आणि इथली जात भेसळेल. इथलेच थोडे कोश घ्यावेत, नागपूरच्या रेशीम संचालनालयाचा किंवा रांचीच्या केंद्रीय टसर संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा आणि मालकी रानातल्या राखलेल्या ऐनांवर, लावणी उरकल्यानंतरचं पीक घेऊन पाहावं. पहिल्या वर्षी पैशाची आशा धरू नये.

पण त्याआधी कोश उरायला हवेत. टसर हिवाळा-उन्हाळा कोशातच, फांदीवर झोपून काढतो. नेमक्या त्याच दिवसांत राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडून भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर जाळल्या जातात, डोंगरांवर वणवे लागतात, आणि फांदीबरोबर कोशही राख होतो. राब बंद करा असं शेतकऱ्याला सांगायचा अधिकार मला नाही. एवढीच विनंती आहे: फांदी पेटवण्याआधी एकदा नजर फिरवा. कोश उचलून कानाशी हलवा. जड लागला आणि आत काही आपटल्यासारखं वाटलं तर तो जिवंत आहे. देठाकडच्या टोकाला भोक असेल तर पतंग उडून गेला आहे. जिवंत कोश डहाळीच्या तुकड्यासकट कापा आणि न तोडलेल्या ऐनावर, सावलीच्या बाजूला, सुतळीने बांधून ठेवा.