पट्टी सापडेपर्यंत

माइक चालू करण्याआधी पंखा बंद होतो, मग एसी, मग सगळ्यांचे मोबाइल. गायिकेला बांगड्या काढून ठेवायला सांगतात, कारण हात नुसता हलला तरी किणकिण रेकॉर्ड होते. डोंबिवलीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर ही खोली आहे, कधीकाळची बेडरूम. आता भिंतींवर रॉकवूलचे जाड पॅनेल आहेत, दाराच्या कडेला रबर आहे, खिडकी विटांनी कायमची बुजवलेली आहे. एवढं करूनही वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी कधीतरी आत येतेच. तेव्हा टेक थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

इथं बसणारा माणूस शब्द लिहितो, चाली लावतो, वाद्यमेळ रचतो आणि गाणं मास्टरिंगपर्यंत नेतो. त्याचं घर चालतं जाहिरातींच्या जिंगलवर आणि मालिकांच्या कामावर. उरलेला वेळ तो नव्या गायकांना देतो. त्याच्याकडे येणाऱ्या मुलांना गळा असतो, पण स्वतःचं म्हणावं असं एकही गाणं नसतं. दुसऱ्यांची गाजलेली गाणी मोबाइलवर गाऊन भरपूर लाइक मिळालेले असतात. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून मूळ गाणंच आठवतं, गाणारी आठवत नाही. त्याचं काम इथून सुरू होतं. नाव छापू नका असं तो म्हणाला, म्हणून इथं देत नाही.

मी बसलो होतो ते परभणीकडच्या एका मुलीच्या गाण्याला. वडिलांच्या भजनी मंडळात लहानपणापासून गायलेली, ताल अंगात मुरलेला, आवाज खणखणीत. तिनं आल्याआल्या एक गाजलेलं सिनेगीत म्हणून दाखवलं. त्यानं ते पूर्ण ऐकलं, छान म्हणाला आणि गाण्याचा विषयच सोडून दिला. गावी कोण कोण असतं, आजी दळताना काय म्हणायची, एसटीनं यायला किती वेळ लागतो, असं बराच वेळ बोलत राहिला. मला वाटलं, मुलगी बुजलीय म्हणून गप्पा चालल्यात. पुढे लक्षात आलं की तो तिच्या बोलण्याचा स्वर ऐकत होता. ती कुठं सहज बोलते, कुठं आवाज चढवते, वाक्याच्या शेवटी कुठं उतरते, हे तो कागदावर टिपून ठेवत होता.

मग पेटी पुढे ओढली. मंडळाची पट्टी पांढरी चार. टाळ-मृदंगाच्या गजरात बायकांनी त्याच पट्टीत गायचं म्हटलं की वरचा षड्ज ताणून लावावा लागतो. तिची सगळी सवय त्या ताणण्याची होती. त्यानं एकेक स्वर खाली आणत तिला त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या. काळी पाचला पोचल्यावर आवाजात एक खरखर आली, थोडी जाड, थोडी भरलेली. मुलगी लगेच थांबली. ‘‘दादा, इथं माझा आवाज चांगला लागत नाही.’’ त्यानं पेटीवरचा हात उचलला नाही. ‘‘इथंच लागतोय. म्हण परत.’’

त्या दिवशी रेकॉर्डिंग झालंच नाही. पुढची चाल त्या खालच्या पट्टीतून निघाली. मुखडा मंद्रात सुरू होतो आणि अंतऱ्यात एकदाच, एका ओळीपुरता, तिच्या जुन्या खणखणीत आवाजाला मोकळं सोडतो. चाल आधी तयार झाली, तिच्यावर डमी शब्द टाकले, नंतर खरे शब्द लिहिले. लिहिताना त्यानं ‘बघते आहे’ असं लिहिलं होतं. मुलगी गाताना दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा तिच्या तोंडून आपसूक ‘बघायलेय’ आलं, घरी बोलते तसं. मात्रा बदलल्या, वजन पुढच्या ठेक्यावर गेलं. त्यानं शब्द दुरुस्त केला नाही. चाल बदलली, तबल्याचा नमुना सरकवला आणि पुढच्या दोन ओळीही त्याच बोलीत लिहून काढल्या. गाणं त्या मुलीचं झालं ते त्या क्षणी, असं माझं ठाम मत आहे.

हे काम आपल्याकडे नवं नाही. १९४८ साली लता मंगेशकरांचा आवाज फार पातळ आहे असं एका मोठ्या निर्मात्यानं ठरवलं, तेव्हा मास्टर गुलाम हैदर यांनी त्याच आवाजाला ‘मजबूर’मध्ये गायला लावलं. मायक्रोफोनसमोर श्वास कुठं आणि कसा घ्यायचा, हे अनिल विश्वासांनी शिकवलं असं लताबाई स्वतः सांगत. त्याच अनिलदांकडे तलत महमूद आले, तेव्हा आवाजातला कंप हा दोष आहे असं लोकांनी त्यांच्या मनात भरवलं होतं. तो झाकून ते गायला लागले. अनिलदांनी नेमका तोच कंप मागितला. ‘आरजू’ १९५० साली आला आणि पुढे तोच कंप तलत यांची ओळख ठरला. घडवणं म्हणजे नवं काही बसवणं असं आपण समजतो. या माणसांनी जे होतं ते ओळखलं आणि इतरांना ते पुसू दिलं नाही.

पुसण्याची साधनं आज फार सोपी झाली आहेत. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करत असत. आता अशी सॉफ्टवेअर प्रत्येक स्टुडिओत असतात. पडद्यावर गायलेलं प्रत्येक अक्षर एखाद्या ठिपक्यासारखं दिसतं. माउसनं उचलायचं आणि ‘बरोबर’ रेषेवर ठेवायचं. बारा स्वरांच्या रेषांवर सगळं नेऊन बसवलं की मींड मरते. आपलं गाणं दोन स्वरांच्या मधल्या जागेत राहतं, ती जागाच नाहीशी होते. डोंबिवलीतला हा माणूसही ट्यूनिंग करतो, करत नाही असा दावा त्यानं केला नाही. पण आधी डोळे मिटून ऐकतो आणि कानाला टोचेल तेवढंच अक्षर हलवतो. पडद्याकडे बघून कधी नाही.

प्रत्यक्ष डबिंगच्या दिवशी आधी पूर्ण गाण्याचे टेक झाले, न थांबता. मग एकेक ओळ पंच करून, म्हणजे तेवढीच पुन्हा गाऊन. त्याच्यासमोर गाण्याच्या ओळी लिहिलेला कागद आणि पेन्सिल. प्रत्येक टेकला ओळीपुढे बरोबर, फुली किंवा प्रश्नचिन्ह. संध्याकाळी त्यातून चांगले तुकडे निवडून एक सलग गायन जुळवायचं, म्हणजे कॉम्पिंग. इथं मला वाटलं होतं की तो सगळ्यात सुरेल ओळी घेईल. त्यानं दुसऱ्या टेकमधला अख्खा अंतरा घेतला. त्यात एके ठिकाणी श्वास स्पष्ट ऐकू येतो. तो श्वास कापायला सेकंदही लागला नसता. त्यानं थोडा खाली केला आणि राहू दिला. श्वासानंतर येणारी ओळ त्या श्वासामुळेच खरी वाटते, एवढं मलाही ऐकू आलं.

मिक्सिंगबद्दल फार लिहीत नाही. तासन्तास तबला अर्धा डेसिबल वर, बासरी अर्धा डेसिबल खाली चालतं, आणि शेवटी गाडीतल्या स्पीकरवर आणि स्वस्त इअरफोनवर ऐकून बघतात, कारण ऐकणारे तिथंच ऐकतात.

पैशाचं मात्र लिहायलाच हवं, कारण घडवणारा आणि घडणारा यांच्यातलं नातं तिथंच बिघडतं. ‘मी तुला उभं केलं’ या वाक्यानं आपल्याकडे किती गळे बांधून ठेवलेत! गोव्यात क्रिस पेरी या संगीतकारानं लॉर्ना कोर्देरो यांच्यासाठी कोंकणी गाण्यांचा एक सुवर्णकाळ उभा केला. सत्तरच्या दशकात जोडी तुटली आणि तो आवाज वीस वर्षांहून अधिक काळ शांत राहिला. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात यांनी ‘हॅलो लॉर्ना’ काढला तेव्हा त्या परत गायल्या. ज्याला चाल सुचते, त्याला गळ्याची मालकी मिळत नाही.

कायदा या बाबतीत पूर्वीपेक्षा बरा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता करारात लिहून घेऊन हिरावता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा हक्कांची वसुली करणाऱ्या संस्थेकडे देता येतो. गायकालाही त्याच्या गायनाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. ध्वनिमुद्रण ज्याच्या पुढाकारानं आणि जबाबदारीवर झालं, त्याचा त्यावर पहिला हक्क. म्हणून स्टुडिओचा खर्च कोण करतंय हे आधी स्पष्ट व्हायला हवं. वाद्यमेळ रचणाऱ्याच्या पदरात व्यवहारात करारात लिहिलंय तेवढंच पडतं, आणि बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.

या खोलीत दोन पानांचा करार मराठीत होता. शब्द आणि चाल त्याची, गायन तिचं, ध्वनिमुद्रणात दोघांचा अर्धा वाटा, आणि ती उद्या कुणाकडेही गायला मोकळी. सही करण्याआधी त्यानं तिच्या वडिलांना फोन लावून सगळा मजकूर वाचून दाखवला. वडिलांनी एकच विचारलं, तिला भजनाला येता येईल ना. त्यानं तेही कलम म्हणून हातानं खाली लिहिलं.

गाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे: कुणी तुमचं गाणं करून देतो म्हणाला, तर त्याचा स्टुडिओ किती मोठा आहे ते नंतर बघा. आधी तो तुमचा आवाज किती वेळ ऐकतो ते बघा, आणि करार समजेल अशा भाषेत मागून त्याची एक प्रत घरी आणा.