शोपीस आधी कागदावर उभा राहतो

मैत्रिणींनो, रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन किंवा चॉकलेटचा मोर ठेवला की सगळ्यांची नजर तिकडेच जाते. आपल्या काही गटांना अशा ऑर्डरी येऊ लागल्यात. "सुबक कसं करायचं?" हे सगळ्या विचारतात. पण ते उभं कसं राहील आणि परवडेल कसं, हे आधी ठरवावं लागतं. मोठे पेस्ट्री शेफ तसंच करतात.

या कलेचं मोठं नाव म्हणजे फ्रान्सचा मारी-आंत्वान कारेम (१७८४–१८३३). गरीब घरातला हा मुलगा पॅरिसमध्ये मिठाईच्या दुकानात काम शिकला. सवड मिळाली की ग्रंथालयात जाऊन जुन्या इमारतींची चित्रं बघायचा, उतरवून घ्यायचा आणि त्यावरून साखरेची, बदामाच्या लगद्याची मंदिरं-मनोरे उभे करायचा. आजही फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९८९ पासून पेस्ट्रीची जागतिक स्पर्धा भरते. तिथे साखरेचे आणि चॉकलेटचे शोपीस करावे लागतात.

शेफ काम कसं करतात, ते टप्प्याने बघू.

१. विषय एकच. मोर, कमळ, गणपती, कलश सगळं एकत्र केलं तर नजर कुठेच ठरत नाही. ज्यांची ऑर्डर आहे त्यांना विचारून एक विषय पक्का करायचा.

२. खऱ्या मापाचं चित्र. दोन फुटांचा मोर असेल तर चित्रही दोन फुटांचं. त्यावरून पुठ्ठ्याचे भाग कापून उभे करून बघायचे. तोल जातोय का, हे पुठ्ठ्यातच कळतं. पुठ्ठा पडला तर नुकसान नाही, चॉकलेट पडलं तर सगळं गेलं.

३. आधी कणा, मग नक्षी. तळ रुंद आणि जड, मधे एक मजबूत खांब, वर जाताना वजन कमी. फुलं-पानं सगळ्यात शेवटी.

४. माल ओळखा. खरं डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळवतात, २७-२८ पर्यंत थंड करतात आणि ३१-३२ अंशांवर काम करतात. तसं केलं तरच ते चमकतं आणि कडक बसतं. कंपाऊंड चॉकलेटला एवढी कसरत लागत नाही, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. शोपीसचा साखरेचा पाक गोळीबंदच्याही खूप पुढे, साधारण १५५ ते १६० अंशांपर्यंत नेतात. हा पाक हातावर पडला तर चिकटून भाजतो. मुलांना लांब ठेवा, शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवाच.

काही शोपीस पिठीसाखर आणि जिलेटिनच्या कणकेचे असतात, काही अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या आयसिंगचे. दोन्ही शाकाहारी घरात चालणार नाहीत, म्हणून आधी विचारा. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमध्ये मोठमोठ्या वास्तू केल्या आहेत, तेव्हा त्यालाही मार्ग आहे.

५. हवेचा अंदाज. दमट हवेत पाडव्याच्या गाठ्या कशा चिकट होतात, ते आपल्याला माहीत आहे. साखरेच्या शोपीसचंही तसंच. म्हणून वाळणारे भाग आधी करायचे, पाकाची फुलं शेवटी, आणि तयार भाग हवाबंद डब्यात ठेवायचे. चॉकलेटला ऊन चालत नाही. मे महिन्यातल्या उघड्या मांडवासाठी चॉकलेटची ऑर्डर घेऊच नका.

६. सुटे भाग न्या, तिथे जोडा. नाजूक भाग दोन-तीन जास्तीचे करा. खडबडीत रस्त्यावर काहीतरी तुटणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चित्र काढतानाच बाजूला हिशोब लिहा: माल, गॅस, तुटफूट, गाडीभाडं आणि मजुरी. दोघींनी तीन दिवस काम केलं तर ती सहा दिवसांची मजुरी झाली. "घरीच तर केलं" म्हणून ती सोडायची नाही. बघणारे नक्षीचं कौतुक करतात, पण चित्र, पुठ्ठा, वाळवण यात गेलेला वेळ कुणाला दिसत नाही. आपणच तो मोजला नाही तर दुसरं कोण मोजणार?

पुढच्या बैठकीत एक विषय घ्या, पुठ्ठ्याचा नमुना करा आणि त्याचा हिशोब वहीत मांडा. ऑर्डर पक्की करताना चित्र दाखवा, भाव सांगा आणि मालाचे पैसे आगाऊ घ्या.