तेलविहीर, विद्यापीठ आणि फीची पावती

१९३८ साली दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीला व्यापारी प्रमाणात तेल लागले, आणि त्या तेलावर राज्यसत्ता व प्रजा यांच्यातील एक अलिखित करार उभा राहिला. नागरिकांवर प्राप्तिकर नाही. शिक्षण व औषधोपचार सरकारी खर्चाने. विद्यापीठात फी तर नाहीच, उलट दरमहा विद्यावेतन. शेजारच्या धहरानमध्ये १९६३ साली स्थापन झालेले पेट्रोलियम व खनिज महाविद्यालय, म्हणजे आजचे किंग फहद विद्यापीठ, हे याच विचाराचे अपत्य.

मुलींच्या शिक्षणाला मात्र वेगळाच लगाम होता. १९६० पासून ते धर्मपंडितांच्या देखरेखीखालील स्वतंत्र यंत्रणेकडे होते. मार्च २००२ मध्ये मक्केतील एका शाळेला लागलेल्या आगीत पंधरा विद्यार्थिनी दगावल्या, जनक्षोभ उसळला आणि ती यंत्रणा शिक्षण मंत्रालयात विलीन करण्यात आली. तरीही किंग फहद विद्यापीठाच्या पदवी वर्गात मुली यायला २०२१ उजाडले.

२०१६ च्या ‘व्हिजन २०३०’ने करारच बदलला. २०१९ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतःचे उत्पन्न उभारण्याची व काही अभ्यासक्रमांना फी आकारण्याची मुभा दिली. तो प्रथम लागू झालेल्या तीन विद्यापीठांत दम्मामचे इमाम अब्दुलरहमान बिन फैसल विद्यापीठही होते. धर्मसत्तेची पकड सैल झाली, तशी तिजोरीची मूठ आवळली. दोन्ही गोष्टी एकाच धोरणातून आल्या, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

परदेशी नोकरदार मूळ करारात नव्हताच. नव्या हिशेबात मात्र तो आला. जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले. २०२० मध्ये ते ४०० झाले. पत्नी व दोन मुले असलेल्या अभियंत्याला हे वर्षाला १४,४०० रियाल पडतात. अनेकांनी कुटुंब पुण्या-नाशिकला पाठविले, त्यामागे हाच आकडा होता.

दम्मामच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमधून बारावी झालेला मुलगा मायदेशी परततो, तो दुसऱ्या एका राजकीय निर्णयाच्या दारात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात देणग्या भरून शिकणारी मुले राज्यातच राहावीत, हा हेतू रास्त होता. पण सरकारने खर्चातून अंग काढले आणि संस्था नेत्यांच्या हाती गेल्या. पुढे २००५ च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा व जादा फी मान्य केली, ती दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या हितासाठी वापरावी या अटीवर.

आखाती पालकाला एक वाट मोकळी आहे. तंत्रशिक्षणात आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असून त्यांची फी अनिवासी कोट्याहून बरीच कमी असते. मात्र आधार पालकाच्या तिथल्या नोकरीचा. त्यामुळे मूल बारावीत असतानाच ज्याचा करार संपतो, त्याला राजीनाम्याची तारीख प्रवेशाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी लागते.