मावळा केवढा, किल्ला केवढा?

दिवाळीत मुलुंड-बोरिवलीच्या चाळींत, सोसायट्यांच्या आवारात मुले दगडमातीचे किल्ले करतात. त्यावर मातीचे नाहीतर प्लॅस्टिकचे मावळे मांडतात. पुष्कळदा पहारेकरी दरवाजापेक्षा उंच असतो! "हा आत शिरला कसा?" असे आम्ही विचारतो. मुले हसतात आणि मोजू लागतात.

समजा, मावळा ५ सेंमी आहे. खरा माणूस साधारण १७० सेंमी, म्हणजे प्रमाण १:३४. या प्रमाणात ३ मीटर उंचीचा हत्ती सुमारे ९ सेंमी होईल. दरवाजा त्याहून उंच हवा. आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड? तब्बल २४ मीटर, आठ मजली इमारतीएवढा!

मावळा अडीच सेंमीचा घेतला तर? लांबी, रुंदी, जाडी तिन्ही निम्मी होतात. प्लॅस्टिक एक-अष्टमांश पुरते. जुन्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या परदेशी हौशी मंडळींचे १:७२ प्रमाणाचे सैनिक जवळपास एवढेच असतात. पण रायगड तरीही १२ मीटर!

म्हणून तेही सैनिकांना एक आणि जमिनीला दुसरे प्रमाण ठरवतात. आपणही तेच करावे. मावळे, तट, दरवाजे एका प्रमाणात; डोंगर वेगळ्या. दोन्ही प्रमाणे पाटीवर लिहून किल्ल्याशेजारी ठेवावीत. ती आठ मजली उंची डोळ्यांपुढे आली, की असा गड जिंकणे अवघड का होते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.