पासवर्डची राखण आणि कचेरीची अडचण

‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर टिचकी मारताच तुमचा जुनाच पासवर्ड ई-मेलने हाती पडला, तर आनंद मानू नका. तो जसाच्या तसा, किंवा पुन्हा उलगडता येईल अशा रूपात, तेथे साठवलेला आहे, असाच त्याचा अर्थ. ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीने उघडे ठेवलेले सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड डिसेंबर २००९ मध्ये चोरीस गेले. अनेकजण बँकेपासून ई-मेलपर्यंत एकच पासवर्ड वापरत असल्याने अशा चोरीची झळ दूरवर पोहोचते.

वास्तविक मूळ पासवर्ड साठवण्याची गरजच नसते. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्येच हे सविस्तर मांडले होते. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून मिळणारा ‘हॅश’ तेवढा जपायचा. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही, तसेच हे. प्रक्रियेआधी प्रत्येक पासवर्डमध्ये निराळी अक्षरे, म्हणजे ‘सॉल्ट’, मिसळली की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा येतो. १९९९ मधील ‘बीक्रिप्ट’ने ही प्रक्रिया मुद्दाम संथ केली, त्यामुळे एकेक शब्द पडताळून पाहणाऱ्या चोराचे काम लांबते. २०१२ मध्ये ‘लिंक्डइन’चे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले. त्यांत सॉल्ट नसल्याने बहुतेक लवकरच फोडले गेले.

मग सर्वत्र असे का होत नाही? कचेरीतील प्रणाली दहा वर्षे जुनी असते, ती लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. लाखो ग्राहकांना एकाच दिवशी पासवर्ड बदलायला लावले, तर तक्रारींचा पूर येईल, ही साहेबांची भीतीही अनाठायी नसते.

यावर मध्यम मार्ग आहे. पासवर्ड उघडे असतील, तर त्यांचे हॅश थेट करता येतात. कमकुवत हॅश असतील, तर त्यांच्यावरच सॉल्टसह नवी संथ प्रक्रिया चढवता येते. ग्राहकाला काहीच करावे लागत नाही. पुढे तो लॉग-इन करील, तेव्हा जुना थर काढून टाकावा. मात्र जुने बॅकअप आणि नोंदवह्या तपासायला विसरू नये. कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील अशा रूपात राहिल्याची कबुली ‘फेसबुक’ला २०१९ मध्ये द्यावी लागली होती.

काम टप्प्याटप्प्याने करण्यास हरकत नाही. परंतु पासवर्ड उघडे ठेवण्याची सवलत कोणत्याही अडचणीपोटी देता येणार नाही. आणि वाचकांनी, निदान बँकेचा पासवर्ड तरी अन्यत्र वापरू नये.